संप्रेरक-निरोध आणि रक्तवाहिनी-निरोध : प्रोस्टेट कर्करोगाच्या संयुक्त उपचाराचा इतिहास (१९४१ ते २०१६)

सारांश

प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींना मिळणारा पुं-संप्रेरकाचा पुरवठा तोडणे हा उपचार १९४१ पासून प्रचलित आहे. अर्बुदाला रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखावी, हा विचार १९७१ मध्ये मांडला गेला. सुमारे पाव शतक हे दोन प्रवाह एकमेकांपासून अलिप्त राहिले. १९९७-९८ च्या सुमारास ते एकत्र आले आणि त्यातून संयुक्त उपचाराची कल्पना निर्माण झाली. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा उगम, तिचा शास्त्रीय आधार आणि तिची रुग्णचाचण्यांतील वाटचाल यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. प्रयोगशाळेतील युक्तिवाद उपचाराच्या प्रारंभीच्या टप्प्याविषयी होता, परंतु मोठ्या चाचण्या रोगाच्या उत्तरावस्थेत झाल्या. त्यामुळे त्यांच्या अपयशाचा अर्थ मर्यादित ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रोस्टेट कर्करोग, पुं-संप्रेरक, रक्तवाहिनी-निर्मिती, यादृच्छिक चाचणी, वैद्यकाचा इतिहास.

१. प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा यशस्वी शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. पेनिसिलीन, इन्सुलिन, देवीची लस ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंतु शास्त्राची कार्यपद्धती समजून घ्यावयाची असेल, तर ज्या कल्पना तर्कशुद्ध होत्या, प्रयोगशाळेत खऱ्या ठरल्या आणि तरीही रुग्णशय्येपाशी अपुऱ्या पडल्या, त्यांचा अभ्यासही तितकाच आवश्यक आहे. प्रोस्टेट कर्करोगात संप्रेरक-निरोध आणि रक्तवाहिनी-निरोध यांची सांगड घालण्याचा प्रयत्न हे अशा कल्पनेचे बोलके उदाहरण आहे.

प्रोस्टेट किंवा अष्ठीला ग्रंथी ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तळाशी असणारी, मूत्रमार्गाला वेढणारी लहानशी ग्रंथी होय. तिची वाढ आणि तिचे कार्य वृषणात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर अवलंबून असते. उतारवयातील पुरुषांत या ग्रंथीचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि पसरल्यावर तो प्रामुख्याने हाडांत शिरतो. या रोगाच्या उपचारात गेल्या आठ दशकांत जे बदल झाले, त्यांपैकी एका मर्यादित धाग्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

२. पहिला प्रवाह : संप्रेरक-निरोध

खच्ची केलेल्या जनावरांत प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते, हे निरीक्षण इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी अठराव्या शतकातच नोंदविले होते. १८९५ मध्ये अमेरिकेतील जे. विल्यम व्हाइट यांनी वाढलेल्या, परंतु कर्करोग नसलेल्या प्रोस्टेटसाठी वृषणे काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले. त्या काळी संप्रेरक ही संकल्पनाच रूढ झालेली नव्हती. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले आणि या निरीक्षणांना रासायनिक आधार मिळाला.

या पार्श्वभूमीवर शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स यांचे कार्य पाहावे लागते. माणसाप्रमाणेच कुत्र्यातही उतारवयात प्रोस्टेट वाढते, याचा त्यांनी उपयोग करून घेतला. त्याच सुमारास, १९३८ मध्ये, अलेक्झांडर व एथेल गुटमन यांनी पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात रक्तातील आम्ल फॉस्फटेज हे विकर वाढते, असे दाखविले होते. त्यामुळे रोगाची चढउतार मोजण्याचे एक साधन हाती आले. १९४१ मध्ये हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी असे सिद्ध केले की, वृषणे काढल्यास किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यास हे विकर उतरते, आणि पुं-संप्रेरक टोचल्यास ते चढते. हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेल्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत आराम पडला. कर्करोगाची पेशी पूर्णतः स्वैर असते, या समजाला यामुळे धक्का बसला. ती शरीराच्या रासायनिक आज्ञेखाली राहू शकते, हे हगिन्स यांचे मूलगामी प्रतिपादन होते. त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

शस्त्रक्रियेला पर्यायही लवकरच पुढे आले. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये तयार केलेले स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक तोंडाने देता येत असे व ते स्वस्त होते. परंतु अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून झालेल्या विस्तृत चाचण्यांनी १९६७ मध्ये एक गंभीर बाब उघड केली. रोज ५ मिलिग्रॅम स्टिल्बेस्ट्रॉल घेणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होत. मात्र हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढत. म्हणजे एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जात असे. हा प्रसंग पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

१९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या स्पर्धक गटांनी मेंदूतून पीयूषिका ग्रंथीला जाणाऱ्या, वृषणांचे नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकाची रचना उलगडली. या कामाच्या गौरवार्थ १९७७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच संप्रेरकाची बदललेली, दीर्घकाळ टिकणारी रूपे सतत दिल्यास पीयूषिका ग्रंथी प्रतिसाद देणे थांबविते आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी शस्त्रक्रियेइतकीच खाली येते. १९८५ मध्ये ल्युप्रोलाइड या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि संप्रेरक-निरोध इंजेक्शनच्या रूपाने देता येऊ लागला. भारतात मात्र खर्चाच्या कारणास्तव वृषणे काढण्याच्या शस्त्रक्रियेचा मार्ग पुढेही मोठ्या प्रमाणावर अवलंबिला गेला.

साधने बदलली, तरी मूळ अडचण कायम राहिली. पसरलेल्या रोगात सुरुवातीला बहुतेक रुग्णांना गुण येतो. परंतु साधारण दीड-दोन वर्षांत रोग पुन्हा डोके वर काढतो. हगिन्स यांनाही याची जाणीव होती. अधिवृक्क ग्रंथींतूनही पुं-संप्रेरके स्रवतात, म्हणून १९४५ मध्ये त्यांनी त्या ग्रंथी काढून पाहिल्या. पण त्या काळी कॉर्टिसोन उपलब्ध नसल्याने तो मार्ग व्यवहार्य ठरला नाही. रोग परतण्यापूर्वीच्या त्या दीड-दोन वर्षांच्या काळात आणखी काय करता येईल, हा प्रश्न त्यानंतर अर्धशतक अनुत्तरित राहिला.

३. दुसरा प्रवाह : रक्तवाहिनी-निरोध

दुसऱ्या प्रवाहाचा उगम सर्वस्वी वेगळ्या ठिकाणी झाला. १९६० च्या दशकाच्या आरंभी ज्यूडा फोकमन हे तरुण शल्यचिकित्सक अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. शरीराबाहेर द्रवपुरवठ्यावर जिवंत ठेवलेल्या ग्रंथीत त्यांनी उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. तेथे निर्माण झालेली अर्बुदे एक-दोन मिलिमीटर आकाराची होऊन थांबली. तीच अर्बुदे उंदराच्या शरीरात परत रोवल्यावर झपाट्याने वाढली. पेशी मेल्या नव्हत्या. त्यांना नव्या रक्तवाहिन्या मिळत नव्हत्या, एवढाच फरक होता.

पुढे बोस्टनमधील बाल-रुग्णालयात काम करताना फोकमन यांनी १९७१ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. अर्बुद ठराविक आकारापलीकडे वाढण्यासाठी एखादा पदार्थ स्रवून आसपासच्या केशवाहिन्यांना स्वतःकडे ओढून घेते. तो पदार्थ अडविला तर अर्बुद सुप्त राहील, असे त्यांचे म्हणणे होते. समकालीनांनी या मताकडे अनेक वर्षे साशंकतेने पाहिले, कारण तो पदार्थ कोणता हेच सांगता येत नव्हते. १९८३ मध्ये हॅरल्ड ड्वोरॅक यांच्या गटाने केशवाहिन्यांची पार्यता वाढविणारे एक प्रथिन शोधले. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना वाढविणारे प्रथिन वेगळे केले. ही दोन्ही एकच असल्याचे स्पष्ट झाले आणि ‘व्हीईजीएफ’ या संक्षिप्त नावाने हे प्रथिन ओळखले जाऊ लागले. त्याला निष्प्रभ करणारे बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंड फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले.

याच प्रवाहात एका बदनाम औषधाचे पुनरागमन घडले. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून बाजारात आलेल्या थॅलिडोमाइडमुळे जगभरात सुमारे दहा हजार बालके विकृत अवयवांसह जन्मली आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले. कुष्ठरोगातील एका वेदनादायी प्रतिक्रियेवरील उपयोगामुळे ते पूर्णपणे नाहीसे मात्र झाले नाही. १९९४ मध्ये फोकमन यांच्या प्रयोगशाळेतील रॉबर्ट डी'अमाटो यांनी सशांच्या डोळ्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, हे औषध नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते. गर्भाच्या हातापायांची वाढ खुंटविणारा गुणधर्म अर्बुदाविरुद्ध वापरता येईल काय, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

मे १९९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उंदरांवरील अँजिओस्टॅटिन व एंडोस्टॅटिन यांच्या प्रयोगांची बातमी पहिल्या पानावर छापली आणि या क्षेत्राविषयी अवास्तव म्हणाव्यात अशा आशा निर्माण झाल्या. त्या आशांच्या वातावरणातच पुढील घटना घडल्या, हे लक्षात ठेवावयास हवे.

४. संगम : १९९७-९८

प्रोस्टेट कर्करोगाशी या विचाराचा संबंध प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. १९९३ मध्ये नोएल वाइडनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग पसरलेल्या रुग्णांच्या प्रोस्टेट अर्बुदात सूक्ष्म रक्तवाहिन्यांची संख्या न पसरलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे नोंदविले. परंतु हा केवळ सहसंबंध होता. खरी उकल एका साध्या प्रश्नातून झाली : वृषणे काढल्यावर प्रोस्टेटमध्ये प्रथम काय मरते, ग्रंथीच्या पेशी की रक्तवाहिन्या?

हगिन्स यांच्यापासून सर्वांची धारणा अशी होती की, संप्रेरकाअभावी ग्रंथीच्या पेशी थेट मरतात आणि रक्तपुरवठा मागाहून आक्रसतो. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील राल्फ बुट्यान यांच्या गटाने उंदरांच्या वर्गातील रॅट या प्राण्यांत पाहिले की, वृषणे काढल्यानंतर प्रोस्टेटमधील रक्तप्रवाह फार लवकर, ग्रंथीच्या पेशींचा ऱ्हास सुरू होण्याआधीच घटतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉन आयझॅक्स यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखविले की, प्रोस्टेटच्या ऊतींतील व्हीईजीएफचे प्रमाण पुं-संप्रेरकाच्या नियंत्रणाखाली असते. त्याच वर्षी त्यांनी लिनोमाइड हे रक्तवाहिनी-निरोधक आणि संप्रेरक-निरोध यांचा एकत्र वापर प्राण्यांत करून पाहिला. दोहोंचा संयुक्त परिणाम प्रत्येकाच्या स्वतंत्र परिणामापेक्षा अधिक होता. संयुक्त उपचाराच्या कल्पनेला येथे प्रायोगिक आधार मिळाला.

या विषयातील सर्वांत सूचक प्रयोग मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील राकेश जैन यांच्या गटाचा होय. कानपूरच्या आयआयटीतून रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या जैन यांनी अर्बुदातील प्रवाह, दाब व पार्यता यांच्या अभ्यासाला अभियंत्याची दृष्टी दिली. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने संप्रेरकावलंबी अर्बुद असलेल्या उंदरांत पारदर्शक कक्ष बसवून रक्तवाहिन्यांचे दिवसागणिक निरीक्षण केले. वृषणे काढल्यावर व्हीईजीएफ घटले, वाहिन्यांच्या अस्तरपेशी कर्कपेशींच्या आधी मरू लागल्या, वाहिन्या विरळ झाल्या आणि त्यानंतर अर्बुद आक्रसले. परंतु सुमारे दोन आठवड्यांनी व्हीईजीएफ पुन्हा वाढले, वाहिन्यांच्या निर्मितीची दुसरी लाट आली आणि तिच्याबरोबर अर्बुदही वाढू लागले.

या प्रयोगाचा अर्थ दूरगामी होता. संप्रेरक-निरोध हा स्वतःच काही अंशी रक्तवाहिनी-निरोध आहे, आणि त्याची निष्फळता वाहिन्यांच्या दुसऱ्या लाटेशी जोडलेली आहे, असे त्यातून सूचित झाले. मग ती दुसरी लाट येण्याआधीच रक्तवाहिनी-निरोधक दिले तर? संयुक्त उपचाराचा संपूर्ण युक्तिवाद या प्रश्नात सामावलेला आहे. येथे कालक्रम हाच युक्तिवादाचा गाभा होता, हे विसरता कामा नये.

५. रुग्णचाचण्यांचा कालखंड

या युक्तिवादाला अनुसरून झालेल्या चाचण्या संख्येने व आकाराने लहान राहिल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील विल्यम फिग यांच्या गटाची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शस्त्रक्रिया किंवा किरणोपचारानंतर पीएसए या रक्तातील निदर्शकाची पातळी पुन्हा वाढू लागलेले १५९ रुग्ण होते. सहा महिने संप्रेरक-निरोध करून तो थांबवावयाचा आणि नंतरच्या काळात थॅलिडोमाइड किंवा निष्क्रिय गोळी द्यावयाची, पुढच्या फेरीत अदलाबदल करावयाची, अशी तिची रचना होती. पहिल्या फेरीत पीएसए पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ थॅलिडोमाइड गटात १५ महिने व दुसऱ्या गटात ९.६ महिने होता; हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. दुसऱ्या फेरीत मात्र तो १७.१ विरुद्ध ६.६ महिने असा निःसंदिग्ध होता. टेस्टोस्टेरॉन पूर्ववत होण्याच्या वेळेत दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे परिणाम संप्रेरकाच्या मार्गाने झालेला नव्हता. परंतु औषध सोसवत नसल्याने अनेकांची मात्रा कमी करावी लागली.

दुसरी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. अशाच प्रारंभीच्या पुनरुद्भव अवस्थेतील १०२ रुग्णांना अल्पकालीन संप्रेरक-निरोध, त्यांतील सुमारे दोन-तृतीयांशांना सोबत बेव्हॅसिझुमॅब देण्यात आले. रोग परत येईपर्यंतचा मध्यक काळ संयुक्त उपचारात १३.३ महिने, केवळ संप्रेरक-निरोधात १०.२ महिने भरला. मात्र संयुक्त गटातील एक-तृतीयांशाहून अधिक रुग्णांत उच्च रक्तदाब उद्भवला.

याउलट मोठ्या, निर्णायक म्हणून आखलेल्या चाचण्या संप्रेरक-निरोधाला दाद न देणाऱ्या अवस्थेत झाल्या. त्या रुग्णांत संप्रेरक-निरोध चालूच ठेवला जात असे. परंतु वाहिन्यांची दुसरी लाट केव्हाच येऊन गेलेली होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,०५० रुग्णांच्या चाचणीत डोसिटॅक्सेल या रसायनोपचाराला बेव्हॅसिझुमॅबची जोड दिली होती. रोग वाढेपर्यंतचा काळ ७.५ वरून ९.९ महिन्यांवर गेला. पण आयुर्मान २१.५ विरुद्ध २२.६ महिने, म्हणजे व्यवहारतः समानच राहिले. उपचारजन्य मृत्यूंचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेले. २०१३ मध्ये अफ्लिबरसेप्ट या औषधाच्या, १,२२४ रुग्णांच्या चाचणीतही आयुर्मान वाढले नाही. थॅलिडोमाइडच्या कुळातील लेनालिडोमाइडने तर २०१५ च्या चाचणीत आयुर्मान घटविले. लिनोमाइडपासून विकसित केलेल्या टास्किनिमॉडची, १,२४५ रुग्णांवरील चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. रोगाची वाढ ४.४ ऐवजी ७ महिने रोखली गेली. तथापि आयुर्मान २४ महिन्यांच्या तुलनेत २१.३ महिनेच होते. आयझॅक्स यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालेला धागा येथे तुटला.

६. चर्चा

या इतिहासाचे दोन अर्थ लावता येतात. पहिला सरळ आहे : कल्पना चुकीची होती. अर्बुदाला वाहिन्या ओढून घेण्याचे मार्ग अनेक असतात. एक अडविला तर दुसरा उघडतो. रोगाची वाढ काही आठवडे लांबते, पण आयुष्य वाढत नाही. हा अर्थ मोठ्या चाचण्यांच्या आकड्यांशी सुसंगत आहे.

दुसरा अर्थ असा की, विचारलेला प्रश्नच वेगळा होता. प्रयोगशाळेने पहिल्या प्रतिसादाच्या काळाविषयी सांगितले होते. मोठ्या चाचण्यांनी शेवटच्या अवस्थेविषयी विचारले. यामागे दुष्ट हेतू नव्हता. प्रारंभीच्या अवस्थेतील रुग्ण अनेक वर्षे जगतो, त्यामुळे आयुर्मानावरील परिणाम दिसण्यास दीर्घकाळ थांबावे लागते. उत्तरावस्थेत उत्तर लवकर मिळते. शिवाय, ज्याच्यापुढे दुसरा उपाय उरलेला नाही, त्याच्यावर नवे औषध प्रथम वापरणे नैतिकदृष्ट्याही अधिक ग्राह्य मानले जाते. व्यवहाराची ही अपरिहार्यता शास्त्रीय प्रश्नाला नकळत बदलून टाकते.

वेळेचा मुद्दा केवळ तर्काचा नाही, हे डोसिटॅक्सेलच्या इतिहासावरून दिसते. २००४ मध्ये उत्तरावस्थेत या औषधाने आयुर्मानात अडीच-तीन महिन्यांहून कमी भर घातली होती. तेच औषध संप्रेरक-निरोधाच्या प्रारंभीच दिले असता, २०१५ च्या अहवालानुसार आयुर्मानाचा मध्यक ४४ वरून ५७.६ महिन्यांवर गेला. २०११ मध्ये उत्तरावस्थेसाठी मान्य झालेले ॲबिराटेरॉन २०१७ मध्ये प्रारंभीच्या टप्प्यावरही आयुष्य वाढविणारे ठरले. हगिन्स यांनी १९४५ मध्ये अधिवृक्क ग्रंथी काढून जे साधू पाहिले, ते या गोळीने साधले. या उदाहरणांवरून रक्तवाहिनी-निरोधकेही तशीच यशस्वी झाली असती, असे म्हणणे धाडसाचे होईल. एवढेच म्हणता येते की, त्यांची तशी निर्णायक कसोटी झालेली नाही.

तथापि दुसऱ्या अर्थालाही एक मर्यादा आहे, आणि ती १९६७ च्या अनुभवात दडलेली आहे. स्टिल्बेस्ट्रॉलने अर्बुद आवरले, पण रुग्णाच्या हृदयाला इजा केली. बेव्हॅसिझुमॅबने अर्बुदाच्या वाहिन्या रोखल्या, पण रक्तदाब वाढविला आणि उपचारजन्य मृत्यूही वाढले. वाहिन्या केवळ अर्बुदाला नसतात. सत्तरीतील पुरुषाच्या हृदयाला, मेंदूला व मूत्रपिंडांनाही त्याच लागतात. संप्रेरक-निरोध हा चयापचय बिघडवून रक्तवाहिन्यांवर आधीच ताण आणणारा उपचार आहे. त्यावर दुसरा ताण लादताना लाभ खराखुरा आणि मोठा असावा लागतो. पीएसएची वाढ काही महिने लांबणे हा तसा लाभ होतो काय, याचे उत्तर केवळ आलेखावरून देता येत नाही. ते रुग्णाच्या उरलेल्या दिवसांच्या गुणवत्तेवर अवलंबून असते.

७. निष्कर्ष

१) संप्रेरक-निरोध व रक्तवाहिनी-निरोध हे विचार स्वतंत्रपणे निर्माण झाले, त्यांचा संगम संप्रेरक-निरोधाचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम लक्षात आल्यामुळे, १९९७-९८ मध्ये झाला.

२) संयुक्त उपचाराचा शास्त्रीय युक्तिवाद पहिल्या प्रतिसादाच्या काळापुरता होता. त्या काळातील लहान चाचण्यांत रोगाचा पुनरुद्भव लांबला. आयुर्मानाविषयी त्यांवरून विधान करता येत नाही.

३) उत्तरावस्थेतील मोठ्या चाचण्यांनी आयुर्मान वाढत नाही व अपाय वाढतात, हे निश्चित केले. तो निकाल त्या अवस्थेपुरता अंतिम मानावा.

४) नकारात्मक चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. एखादी कल्पना इतिहासजमा करण्यापूर्वी तिचा मूळ प्रश्न विचारला गेला होता काय, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. आणि एखादी कल्पना सुंदर आहे म्हणून ती रुग्णाच्या हिताची ठरत नाही, हे लक्षात ठेवणेही त्याच्या कामाचाच भाग आहे.